पिवळ्या प्लेटची गाडी

डॅशकॅम खोटं बोलत नाही म्हणणाऱ्याला आधी माझ्यासमोर आणा भो! आमचा सलीम जळगावात टॅक्सी चालवतो. धुळ्यात रात्री आठच्या सुमारास एक गाडी स्कूटरला धडक देऊन पळाली. मागच्या गाडीच्या डॅशकॅममध्ये तिचा नंबर अर्धाच आला, पण प्लेट पिवळी दिसली. म्हणजे टॅक्सीच, असं ठरलं! ते अर्धे आकडे सलीमच्या गाडीशी जुळले, म्हणून त्याला सकाळीच धुळ्याला बोलावून चौकीत बसवलं. मी दुपारी पोचलो तेव्हा तो रडकुंडीला आला होता.

मी साहेबांना म्हटलं, "सलीम म्हणतोय तेच खरं, तिथले दिवे पिवळे आहेत. या कॅमेऱ्यात पांढरी प्लेटही पिवळीच दिसणार."

"कॅमेऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

मग मी व्हिडिओ मध्येच थांबवायला लावला. "चौकात हा पिवळ्या शर्टातला माणूस कोण?"

"आमचा ट्रॅफिकचा हवालदार."

"त्याचा शर्ट कधीपासून पिवळा झाला?"

साहेबांनी व्हिडिओ बंद केला. मग सलीमचा मोबाइल परत देत त्यालाच म्हणाले, "एवढंच होतं तर सकाळीच सांगायचं ना!"

अरे, तो सकाळपासून दुसरं काय सांगत होता?