पंखा थांबेपर्यंत

काकी, समाजातले सगळे, एअरपोर्टवरून आलेले आमचे लोक, सगळ्यांना नमस्कार.

मला चारचौघांत बोलायला येत नाही. म्हणून मोबाईलवर टाईप करून आणलंय, तेच वाचते. एका बोटानं टाईप करते, माझ्यामुळं तुम्हाला थांबायला लागलं, माफ करा. नंतर हे ग्रुपवर पण टाकते. स्पेलिंग चुकलं असेल. शाळा कन्नड, ती पण नववीत सोडली. मराठी आपली घरातली, तोंडातली.

ज्यांच्यासाठी आज जमलोय, त्या आपल्या गेलेल्या विठ्ठलअण्णांना सगळे ओळखता. आपल्या लष्कर मोहल्ल्यात गणपती दारातून आत आणताना अण्णा समोर उभे राहून दोन्ही हातांनी 'या, या' करायचे. काकी ओरडायच्या, "अहो, देव आहे तो, विमान नव्हे!"

एअरपोर्टवर त्यांचं तेच काम. विमान उतरून आत आलं की समोर उभं राहायचं, हातानं पायलटला रस्ता दाखवायचा, रेषेवर आणून उभं करायचं. मला अठरा पूर्ण झाली तशी त्यांनीच शब्द टाकून कामाला लावलं. माझं काम चॉकचं. चॉक म्हणजे चाकाला लावायचे ठोकळे.

पहिल्या दिवशी म्हणाले, "काय गं नंदू, विमानाचा पंखा फिरताना दिसतो काय तुला?"

मी म्हटलं, "नाही अण्णा."

"हां. जोरात फिरतो तेव्हा दिसतच नाही. म्हणून विमानावरचा तांबडा दिवा बंद होईपर्यंत सुम्ने निंत्को. गप उभी राहा. कोण बोलावू दे, काय होऊ दे."

काकी, आता त्या दिवशीचं सांगते.

तुम्ही मला विचारलात, "तू तिथंच होतीस ना गं? माझा माणूस खाली बसला, आणि तू ठोकळे धरून उभी?" सगळ्यांसमोर विचारलात. आज सांगते.

विमान आत येत होतं. अण्णांचे दोन्ही हात वर होते. मी पंख्याच्या बाजूला, लांब. एकदम त्यांचा एक हात खाली यायला लागला. काकी, तो हात तसा खाली गेला असता तर पायलटला वाटलं असतं, वळायला सांगतात. आणि वळलं असतं ते माझ्याच बाजूला. अण्णांनी तो हात कसा उचलला, देवाला माहीत. उचलला, आणि दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली. थांब. विमान रेषेच्या अलीकडंच थांबलं. मागून कोण तरी ओरडलं, "अण्णा, एनायतु, काय झालं? रेषा दिसत नाही काय?"

अण्णा खाली बसले.

मी त्यांच्याकडं पळाले, काकी. पळाले होते मी. सरळ पळाले, विमानाच्या पुढून, पंखा होता तिकडून. मला पंखा दिसलाच नाही.

अण्णांना मी दिसले. बसल्या जागेवरून त्यांनी मला पंजा दाखवला. असा. येऊ नको.

मी थांबले. इंजिन बंद झालं, पण पंखा फिरतच होता. ऑफिसच्या बाजूनं, अण्णांच्या मागून लोक आले, त्यांना धरलं. मी हे सगळं बघत उभी. तो पंजा तसाच वर होता. किती वेळ म्हणून कसं सांगू? दिवा बंद झाला, तेव्हा पंजा खाली आला. मग त्यांनी दोन मुठी केल्या, अंगठे आत. म्हणजे चॉक लाव.

मी लावले. रडत लावले. मग अण्णांजवळ गेले.

त्यांनी विचारलं, "लावलेस काय गं?"

"लावले अण्णा."

त्यानंतर ते बोलले नाहीत.

काकी, म्हणून मी उभी होते. त्यांनी उभं केलं होतं मला. तुम्हाला पटलं नाही तरी मी रोज येणार, तुम्ही दार उघडा नाहीतर उघडू नका.

आता सगळे जरा उभे राहूया. घड्याळ नको बघायला. विमान थांबलं तरी पंखा लगेच थांबत नाही. आधी दिसत नाही, मग धूसर दिसतो, मग एकेक पातं वेगळं दिसतं. तेवढा वेळ अण्णांसाठी गप उभं राहायचं.

आणि एक. आत्ताच दारातून गिरीशनं खूण केली, बाहेर चपलांच्या रॅकखाली मांजरीनं पिल्लं घातलीत. जाताना बघून पाय टाका.