बोटभर अंतर

नाही हो, सही करणार नाही असं कुठं म्हटलं मी? वाचतोय. चर्चच्या मुख्य कार्यालयाचा कागद, नीट वाचून घ्यायला नको? तीन वर्षं झाली पाळकाच्या दीक्षेला, आणि नोंद राहून गेली म्हणून तुमच्या लोकांना आत्ता जाग आली. बसा. ती खुर्ची नको, हलते ती. — ‘आम्ही पाचही पंचांनी पाळकांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना सेवेस नेमले’ — चौघांच्या सह्या झाल्या, उरलो मी. मुख्य पंच. पाळकाचा थोरला भाऊही मीच. धाकटा आधी घड्याळं दुरुस्त करायचा, डोळ्याला भिंग लावून. वडील गेले तेव्हा सात वर्षांचा होता, मी वाढवला. मंडळीला दोन वर्षं पाळक नव्हता तेव्हा उपदेश कोणी केला? मी. लग्नं, मयतं, गळकं छप्पर — मीच. आणि निवडायची वेळ आली तेव्हा लोकांनी — जाऊ द्या.

अधिकार देव देतो, माणसं नाही — ते मला शिकवू नका, रविवारच्या वर्गात तीस वर्षं मीच शिकवलंय. बायबलात देवाने मोशेला सांगितलं, यहोशवावर हात ठेव. एक हात. मोशेने दोन्ही ठेवले. आपली जागा दुसऱ्याला देताना दोन्ही हात — मोठं मन होतं बाबा त्याचं. माझं नाही. आता तोंडातून निघालंच आहे तर ऐका. धाकटा गुडघे टेकून बसला, पाच हात पुढे झाले, त्यात माझाही. पण माझा टेकलाच नाही. केसांपासून बोटभर वर धरला. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. प्रार्थना लांबली, दंड भरून आला, तरी टेकवला नाही.

मग वाट बघत बसलो. म्हटलं, याचा अधिकार अर्धा आहे, कधीतरी उघडा पडेल. कसलं काय — वर्षानुवर्षं न बोलणारी दोन घरं एका बाकावर बसायला लागली. आणि माझी बायको — गेल्या साली अंथरुणाला खिळली होती, मी रोज कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायचो — एक दिवस म्हणाली, ‘‘तुमचा हात जड लागतो हो. भाऊजींना बोलवा.’’ बोलावलं. माझ्याच घरात मी दाराबाहेर उभा. त्याने हात ठेवला आणि तिला झोप लागली, महिन्याने पहिल्यांदा. चार दिवसांनी गेली. पण ते चार दिवस शांत झोपली, आणि मला — सांगायला लाज वाटते — मला तिच्या झोपेचा राग आला.

मोशेने लोकांतले सत्तर वडीलधारे निवडले, देवाच्या तंबूपाशी बोलावले. दोघं आलेच नाहीत, छावणीतच राहिले, तरी देवाचा आत्मा त्यांच्यावर उतरलाच. पोरांना मी हे हसत हसत सांगायचो. आता तुमच्या साहेबांना कळवलं की पाचवा हात टेकलाच नव्हता, तर ते विचारतील, मग तीन वर्षं हे चाललं कशावर? काय सांगू? की माझ्या हातावाचून देवाचं काही अडलं नाही? मग आजवर ज्या ज्या डोक्यांवर मी खरोखर हात टेकवले, तिथं मी काय करत होतो?

द्या पेन. कागद खोटा आहे हे आता आपल्या दोघांना ठाऊक आहे. — झालं, घ्या. निघा. आणि खाली धाकटा भेटेल, त्याला सांगू नका की मी असा बसलोय. नाहीतर येईल वर, माझ्या डोक्यावर हात ठेवायला.