शेवग्याखालचा ट्रेंच

ट्रेंच म्हटलं की तुम्हाला लढाई आठवत असेल, मला माझी आई आठवते.

पासष्ट सालच्या लढाईत पनवेलमध्ये सरकारी लोक आमच्या आळीला सांगून गेले, ट्रेंच खणा आणि भोंगा वाजला की आत बसा. पोरांना ती लपाछपीची जागा झाली, कोंबड्यांना झोपायची. आईला मात्र शिक्षाच! कारण मोकळी जागा एकच होती, आमच्या आणि शेजारच्या काशीबाईंच्या घरांमधली. तिथल्या शेवग्याच्या शेंगा कुणाच्या, यावरून दोघींचं दोन वर्षं बोलणं बंद होतं.

पहिला भोंगा वाजला. दोघी एकाच ट्रेंचमध्ये, एकमेकींकडे पाठ करून. मी मध्ये. आई खोकली.

काशीबाई भिंतीकडे बघूनच म्हणाल्या, "खोकला बरा नाय झाला अजून?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खिडकीतून आयकू येतो ना. रातभर मला पन झोप नाय."

आई हळूच म्हणाली, "उद्या शेंगा काढून न्या."

"न्या म्हंजे? माज्याच हायेत त्या!"

आणि दोघी अशा हसल्या की बाहेरच्यांना वाटलं, आत कुणाला काही झालं. धोका टळल्याचा भोंगा वाजला. वरून कुणीतरी ओरडलं, "बाहेर या हो!"

आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, आमचं अजून बोलून व्हायचंय."

ट्रेंच पुढे बुजवला. पण आम्हा भावंडांचं वाजलं की आई मागच्या दाराच्या पायरीकडे बोट दाखवायची, "जा, दोघं ट्रेंचमध्ये बसून या."