छातीतला पांढरा ठिपका

दवाखान्याच्या बाकावर, माझ्या शेजारी, मुलीने वडिलांच्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

“हा ठिपका बघा, बाबा. चाळीस वर्षं पेशी क्षयाच्या जंतूंना वेढा घालून बसल्यात.”

“आतले मेले असतील की.”

“नाही, निजलेत. सांध्यांचं नवं औषध सुरू झालं की वेढा सैल पडेल आणि ते उठतील. म्हणून आधी त्यांना मारायला ही गोळी.”

“मला ते तुझ्या आईकडूनच लागले ना?”

“तिच्याकडूनच. घ्या, पाणी आणलंय.”

“म्हणजे तिच्या श्वासातलं अजून काहीतरी जिवंत आहे.”

“बाबा, काहीतरीच! मी नाही का जिवंत?”

“तू माझ्यावर गेलीस गं.”

“गोळी घेतलीत?”

“तोंडात आहे. गिळायला जरा वेळ दे.”