फिनिशच्या पुढं

दीनानाथ सर : ...तर पंचांना एवढंच सांगायचं, फिनिशची दोरी दिसली नाही, चुकून पुढं गेले. निकाल अजून वाचलेला नाही. मी बोलतो त्यांच्याशी.

जया : दोरी दिसली होती, सर.

दीनानाथ सर : वा! म्हणजे डोळे शाबूत आहेत. अगं, मुलींना सहा किलोमीटर. टेकडीचा एक राऊंड. पहिली होतीस तू! मग मुलांच्या मागं दुसऱ्या राऊंडला कशाला गेलीस? हवा खायला?

जया : मुलं बारा पळतात म्हणून.

सुखदेव : जये, सरांचं ऐक. विद्यापीठाच्या टीमचा सवाल हाय. चुकले म्हण आन् मोकळी हो. त्यात काय जातंय?

जया : पप्पा, चुकले असते तर म्हटलं असतं.

दीनानाथ सर : सुखदेवराव, समजवा कन्येला. नियम काही मी केला नाही. मुलींना झेपत नाही, म्हणून अंतर निम्मं.

सुखदेव : कुणाला झेपत न्हाई?

दीनानाथ सर : मुलींना. साधारणपणे.

सुखदेव : सर, मी हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. निम्म्या बसमधी पोरीच असत्यात. त्यांची शिफ्ट काय पोरांच्या निम्मी असती?

दीनानाथ सर : अहो, तिथं खुर्चीत बसून काम!

जया : मुलांच्या रेसमधला तुमचा चेतनपण बसलाय, सर. वरच्या चढावर. खुर्ची नाहीये तिथं.

दीनानाथ सर : त्याच्या पायात गोळा आला असेल.

जया : मलापण आला. थोडं चालले, मग पळाले.

सुखदेव : पोरं किती राहिली गं मागं?

जया : राहिली की सात-आठ.

दीनानाथ सर : कौतुक घरी जाऊन करा! पंच उठले बघ. शेवटचं विचारतो. चुकले म्हणालीस तर पहिली, टीममध्ये. नाही म्हणालीस तर मुलींच्यातही नाव नाही आणि मुलांच्यातही नाही.

जया : नाही म्हणत.

सुखदेव : जये, वर्षभर अंधारात उठून पळलीस गं वारज्याच्या रस्त्यानं...

जया : म्हणून तर.

सुखदेव : ...ऱ्हाऊ द्या, सर. नका बोलू पंचांशी. चुकली न्हाई ती.

(लाउडस्पीकरवर मुलींचा निकाल. पहिलं नाव जयाच्या मागं आलेल्या दीपालीचं.)

जया : टाळ्या वाजवा ना, पप्पा. चांगली पळते ती.

दीनानाथ सर : हट्टी आहेस. ...पाणी पी आधी. आता आणि कुठं निघालीस?

जया : वर. चेतन अजून उतरला नाही, सर. घेऊन येते.