मान वर न करता पाह्यलेलं छत

…अन् वरतून मलेच म्हणते, वर पाहा! आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या गळ्यात हा असा चार इंची पट्टा हाय, ज्याले नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर लिहून देल्लं का मान वर करायची नाई, खाली करायची नाई, बाजूले पाहायचं असंन तं पूरा माणूस फिरवायचा, त्या माणसाले तुम्ही दीड दिवस रेल्वेत बसवता, फेरीबोटीत घालता, बेटावर नेता, मोजून ब्याण्णव पायऱ्या चढवता, अन् तीनशे वर्ष जुन्या चर्चच्या बरोबर मधात उभं करून म्हणता, वर पाहा! काय वर पाहा? अं? कसं वर पाहा?

नाई, थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाई तं तुम्ही म्हणसान दादाराव उगाच बोंबलून राहिला. मी दादाराव. पांढुर्णा नगर पालिका, जल शाखा, चौतीस वर्ष. पाईपलाईनचा वॉल खोलायचा, वॉल बंद करायचा, लिकेज शोधायचं. पाणी नाई आलं तं दादारावले शिव्या, जास्त आलं तं दादारावले शिव्या. चौतीस वर्ष मी गड्ड्यात वाकून खाली पाह्यलं बाप्पा! मानेचे मणके घासले, रिटायर झालो, अन् हा पट्टा आला. पट्टा लावून बजारात निघालो का जो भेटते तो विचारते, "काहो दादाराव, गोटमारीत गोटा लागला वाटते?" अरे, गोटमार, म्हणजे आमच्या गावची दगडफेकीची जत्रा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते, हा फेब्रुवारी चालू हाय! सहा महिने काय मी गोटा मानेत घेऊन फिरून राहिलो?

तं माही पोरगी, प्रज्ञा. हुशार पोरगी. मी तिचा पटवारीच्या नोकरीचा फार्म भरला, फोटो मीच चिकटवला, फी मीच भरली. परीक्षेच्या दिवशी पोरगी कुठी? तं नागपूरले, चित्रकलेच्या कॉलेजात! म्हटलं चित्र काढून काय करशीन? तं म्हणे, "बाबा, काढायचे नाई, जुने चित्र दुरुस्त करायचे." आता तुम्हीच सांगा, चित्र काय मोटार पंप हाय का दुरुस्त कराले? मंग कॉलेज करून गोव्याले, बेटावरच्या चर्चच्या छतावरचे चित्र दुरुस्त कराले लागली. त्या दिवसापासून मी अन् ती… म्हणजे भांडण नाई, पण फोन आला का मी म्हणो, "हाव. बरा हाय. आईले देतो." दोन वर्ष! दोन वर्ष मी फोनवर तेवढंच बोललो, "आईले देतो." अन् बाहेर कोणी विचारलं का पोरगी काय करते, तं सांगो का सेंट्रल गव्हर्मेंटमधी हाय, गोव्याले पोस्टिंग हाय.

अन् एक दिवस चहाच्या टायमाले फोन आला. मंगलानं, म्हणजे आमच्या मिसेसनं, पीठ मळून राहिल्यानं फोन स्पीकरवर टाकला. तिकून पोरगी रडून राहिली! म्हणे, "आई, कोपऱ्यातला रंग तिसऱ्या बार सुटला. चर्चचे समितीवाले म्हणते माझं कामच कच्चं आहे, महिन्याच्या शेवटी मले काढून टाकते. बाबाले सांगू नको." अरे, बाबा इथी दोन हातावर बसून हाय! चहाचा कप खाली ठेवला, मानेसकट पूरा माणूस मंगलाकडे फिरवला, अन् म्हटलं, "मंगला, मले समुद्र पाहायचा हाय. गोव्याचं तिकीट काढ."

मंगलानं संतऱ्याची पेटी बांधली फक्त.

तं पोहोचलो. प्रज्ञा ठेसनवर आली, मले पाहून दोन पावलं दूरच थांबली. मी बी थांबलो. मंगला दोघाच्या मधात, संतऱ्याची पेटी धरून. फेरीबोटीत बसलो, आजूबाजूचे लोक म्हणते, वर पाहा, घार! वर पाहा, चर्चचा कळस! मी म्हटलं, बाप्पा हो, मले फक्त समोरच्या माणसाची कॉलर दिसून राहिली!

अन् मंग चर्च. थंडगार, उंच, अन् मधात बांबू-लोखंडाचा मचाण छतापर्यंत. तिथचे फादर आले, म्हातारे, मऊ माणूस, माहा हात हातात घेतला अन् कोकणीत म्हणे, "वयर पळयात, वयर पळयात!" घ्या! तिथी बी तेच! भाषा बदलली, पण मानेले तेच सांगून राहिले! मंगलानं मान टाकली मांगं अन् आपली चालू झाली मोठ्यानं, "अगं माय! अहो, पंखवाले लेकरं हायत! किती हायत! उघडेच हायत हो, थंडी नाई वाजत का यायले? अन् तो एक दाढीवाला ढगावर बसून हाय, हुबेहूब तुमच्या थोरल्या भावासारखा! अन् एक बाई नावेत… वर पाहा ना!" म्हटलं, मंगला, तू पाहा अन् सांग, मी ऐकतो, मी रेडिओवर क्रिकेट ऐकलं तं हे बी ऐकीन!

तेवढ्यात आले टोपीवाले साहेब. समितीतले मोठे माणूस, टोपी चर्चमधी काढून हातात धरलेली, पण बोलणं असं का जसं डोक्यावरच हाय. मी पोरीचा बाप हे त्याले माहीतच नाई, वाटलं असंन कोणी टुरिस्ट. फादरले म्हणे, "हे पाहा फादर, परत फुगलं कोपऱ्यात. पोरगी चांगली आहे हो, पण हात कच्चा. चुना ओला लावते. पावसाळा संपून चार महिने झाले, वर नवीन कौलं, मग ओल येणार कुठून?" अन् प्रज्ञा तिथी उभी, मान खाली. माही पोरगी! घरी माह्या तोंडावर फडाफडा बोलणारी पोरगी मान खाली घालून उभी!

तुम्हाले सांगतो, मले अन्यायाचा राग आला का नाई ते माहीत नाई, पण "ओल" हा शब्द ऐकला अन् चौतीस वर्ष लिकेज शोधणारा माणूस अंगात जागा झाला. फेब्रुवारीत ओल? कौल नवीन अन् ओल? म्हटलं, मले वर पाहू द्या.

"पण बाबा, तुमची मान…"

म्हटलं मान वर होत नाई, माणूस आडवा तं होते!

अन् मी बाकड्यावर झोपलो. सरळ. उताणा. पट्टा बरोबर बाकड्याच्या कडेले टेकला, अन् पूरं छत… अरे बाप रे! आता मी काय सांगू तुम्हाले. मंगलानं जे सांगतलं ते सोळा आण्यातला एक आणा! निळं कसं निळं, अन् ते लेकरं खरंच उडून राहिले, अन् नावेतली बाई असं पाहून राहिली जसं तिले माहीत हाय का दादाराव पांढुर्ण्याहून आला. एक मिनिट मी लिकेज भुलून गेलो. आईशपथ भुललो! मंग एक परदेशी मेम आली, तिनं मले पाह्यलं, पट्टा पाह्यला, अन् किंचाळली, "अॅम्ब्युलन्स!" फादर धावले, टोपीवाले साहेब पाण्याची बॉटल घेऊन आले, दोघं माह्या तोंडावर वाकले, सगळं छत झाकून टाकलं! म्हटलं हटा ना जरा, चांगलं दिसून राहिलं!

मंग तो कोपरा पाह्यला. फुगवटा गोल नव्हता, बरं का. पावसाची ओल वरतून खाली पसरत येते. ही एका रेघेत होती, भिंतीतून सरळ वर, सळाख ठेवल्यासारखी. म्हटलं, साहेब, इथी भिंतीत पाईप हाय. टोपीवाले साहेब हसले. म्हणे, "तीनशे वर्षांच्या भिंतीत पाईप?" हसू द्या!

आमच्या जल शाखेत लिकेज कसं शोधते, माहीत हाय? लोखंडी सळाख एक टोक रस्त्यावर, एक टोक कानात. पाणी वाहत असंन तं ऐकू येते. सळाख नव्हती, तं मेणबत्त्या विझवायची पितळी लांब काठी होती, ती घेतली. फादरले विचारून घेतली, तशीच नाई घेतली! एक टोक भिंतीले, एक कानाले. मंगलानं पदर तोंडावर घेतला. मेम फोटो काढून राहिली. टोपीवाले साहेब फादरच्या कानात, "हे काय पूजेचं आहे का यांच्याकडचं?" अन् मी सरकतो एक एक वीत… काई नाई… अजून एक वीत… काई नाई… पसीना फुटला मले! पोरगी पाहून राहिली, म्हटलं आता काई नाई निघालं तं पोरीची नोकरी तं जाईनच, वरतून बाप पागल म्हणून नाव होईन बेटावर!

अन् मंग… सुर्रर्रर्र.

तुम्हाले सांगतो, एवढा गोड आवाज मी जिंदगीत नाई ऐकला. म्हटलं प्रज्ञा, इकडे ये. कान लाव. तिनं कान लावला. तिचे डोळे असे मोठे झाले. दोन वर्षात पयल्यांदा तिनं माह्याकडं सरळ पाह्यलं अन् म्हणाली, "बाबा… पाणी!"

मांगं गेलो, भिंतीच्या पल्याड फादरची कपडे बदलायची खोली, तिच्या माथ्यावर काळी प्लास्टिकची टाकी! फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, टायमाले लोकाले हात धुवाले पाणी पाहिजे म्हणून दोन वर्षाआधी बसवली, पाईप भिंतीत खोदून टाकला अन् वरतून चुना फासला. पाईपाच्या वळणावरचा एल्बो उघडला तं आतमधी टेप नाई! सोल्युशन नाई! नुसता फसवलेला! म्हटलं कोणी बसवली ही टाकी? फादर खिडकीतून बाहेर पाहाले लागले. मंग मंगलानं, तिले तं मान वर करता येते ना, तिनं टाकीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. "यांच्याकडून सप्रेम भेट" अन् पुढं टोपीवाल्या साहेबाचं पूरं नाव, आडनावासकट!

साहेबानं टोपी घातली. चर्चमधीच.

पण माणूस वाईट नाई, हं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आला, प्रज्ञाले म्हणे, "बाय, चूक माझी." अन् मले म्हणे, "तुमी इंजिनेर काय?" म्हटलं नाई, वॉलमन. त्यानं हात मिळवला, घट्ट.

आता खरी गोष्ट पुढं हाय. प्रज्ञा म्हणे, "बाबा, मचाणावर येता का?" मंगला म्हणे नाई, पडसान! पण मी चढलो. एक एक पायरी, पट्ट्यासकट, देवाधर्माचं नाव घेत नाई मी, पण त्या दिवशी बुद्धं सरणं तीनदा म्हटलं. वरतं पोहोचलो तं छत एवढं जवळ, नाकासमोर! मान वर करायची गरजच नाई! सतरंजी टाकलेली, बाप-लेक दोघं उताणे पडलो, अन् पोरगी कामाले लागली. काडीच्या टोकाले कापूस, एवढासा, अन् त्यानं त्या लेकराच्या पायाचा अंगठा पुसून राहिली. फक्त अंगठा. अर्धा घंटा झाला, अंगठाच. म्हटलं, याले काय लावते? तं म्हणे, "थुंकी, बाबा. सगळ्यात चांगली तीच असते, रंगाले धक्का लागत नाई."

थुंकी!

म्हटलं, तुही आई लहानपणी तुह्या तोंडावरची माती पदराले थुंकी लावून अशीच पुसत जाय. ती हसली. मंग हसता हसता रडली. मंग मी म्हटलं… आता पाहा, मले म्हणायचं होतं का पोरी, माहं चुकलं. दोन वर्षापासून घशात होतं. पट्ट्यात अटकलं असंन. तोंडातून काय निघालं? "हा कापूस कुठला? आपल्या सौंसरकडचा वाटत नाई. आपला लांब धाग्याचा असते. पुढच्या बारीले पाठवतो."

तिनं काडी खाली ठेवली. म्हणे, "पाठवा बाबा." अन् माह्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेवढंच. तिले समजलं. कोपरा सुकू द्या म्हणे, मंग पावसाळ्याआधी करते, समितीनं साल वाढवून देल्लं. त्या दिवसापासून फोन आला का मीच उचलतो, मंगला म्हणते, "मले द्या ना," मी म्हणतो थांब!

तं घरी आलो. म्हटलं आता लपवायचं नाई, सगळ्याले खरं सांगायचं. पयले भेटले शेजारचे पुंडलिकराव, संतऱ्याच्या बगिच्यावाले. बसवलं, चहा देल्ला, अन् पाऊण घंटा सांगतलं! छत सांगतलं, लेकरं सांगतले, नावेतली बाई सांगतली, कसा पोरीचा हात हलते, कसा रंग जिवंत होते, मोबाइलवर फोटो दाखवले, बोलता बोलता माह्या डोळ्यात पाणी! पुंडलिकराव पूरं ऐकून राहिले. मान हलवून राहिले. मले वाटलं समजलं माणसाले! मंग त्यानं कप खाली ठेवला, जराक विचार केला, अन् म्हणे,

"म्हणजे पोरगी पुट्टी मारते."

म्हटलं हाव पुंडलिकराव… पुट्टी मारते. तं म्हणे, "माहा हॉल बाकी हाय, दिवाळीत आली तं विचारा ना."

म्हटलं विचारतो. पण तिचं काम दिवसाले दोन बोटं सरकते… तुमच्या हॉलले दोन-तीनशे वर्ष धरून चाला.