केल्डरसाइड क्लबचा शेवटचा सामना

—छे छे, मास्तर, मैदान गेलं म्हणून क्लब बुडाला, हे पाद्रीबाबांनी तुम्हाला सांगितलेलं. मैदान कुठं जातंय? मेंढ्या चरतात तिथं अजून. बसा हो. तुम्ही क्लब पुन्हा काढा, पोरांना फुटबॉल खेळवा, माझी ना नाही — पण मला अध्यक्ष? मला नका घेऊ. का म्हणजे — तीन हंगाम टिकला तो क्लब, फक्त तीन. अकराच्या अकरा दगडाच्या खाणीतले. मी मुकादम, म्हणून कॅप्टनही मीच — कोण नको म्हणणार? पहिल्या वर्षी नुसता मार खाल्ला. एकदा तर चौदा गोल, चौदा! मग लूथर ॲस्क्विथ आला. असा पळायचा म्हणून सांगू — जाऊ दे, पळायचा खरा.

अठराशे सत्त्याऐंशीचा मार्च. चषकाचा सामना, शेजारच्या थॉर्नबी गावाशी. ते आम्हाला धोंडे म्हणायचे, तोंडावर. तर त्याआधी गुरुवारी खाणीत वरनं दगड सुटला, लूथरच्या डोक्यात. रक्त नाही, काही नाही, नुसता ओकला. मी म्हटलं, घरी बोलू नकोस, बायको खेळायला सोडायची नाही तुला. आणि शनिवारी बूट बांधताना म्हणतो, "जेबेझ, आज राहू दे मला. सगळं दोन-दोन दिसतंय." मी काय म्हणालो? म्हणालो, "मग दोन्ही चेंडूंना लाथ घाल!" सगळे हसले. तोही हसला. ...नाही, तो नाही हसला.

उत्तरार्धात चेंडू उंच आला, लूथर उडाला, थॉर्नबीचा विल्फ गार्साइड उडाला — डोक्यावर डोकं. विल्फ कान चोळत उठला. लूथर बसला तो बसलाच. मग दोरीपलीकडे निजवला, अंगावर कोट टाकला, आणि — खेळलो की आम्ही! वीस मिनिटं उरली होती. जिंकलो. चषक दाखवायला धावत गेलो त्याच्याकडे, तर हात गार.

चौकशी झाली. साहेबानं विचारलं, सामन्याआधी प्रकृती कशी होती? मी म्हटलं, ठणठणीत. शपथेवर. निकाल अपघाताचाच लागला, पण लोक निकाल ऐकतात होय? विल्फला खुनी म्हणायला लागले. लूथरची बायको, डायना, भर बाजारात थुंकली त्याच्या तोंडावर. एकोणीस वर्षांचा होता विल्फ. मे महिन्यात पाणचक्कीच्या तळ्यात सापडला. पुढं आमच्याशी खेळायला कुणी येईना, आमचेही मैदानाकडं फिरकेनात. असा बुडाला क्लब.

डायनाला? तिला काय सांगणार — सांगितलं, लूथरच हट्टानं उतरला, मी नको नको म्हणत होतो. खरं वाटलं तिला. एकटी बाई, घर खाणीच्या मालकाचं, नवरा गेल्यावर ते रिकामं करायची वेळ आलेली... वर्षानं लग्न केलं आम्ही. हो, तीच. आत्ता तुम्हाला चहा दिला ना, तीच. बारा वर्षं झाली, कधी शब्द नाही त्या दिवसाबद्दल. आत भांडी घासतेय, ऐकू येतंय ना —

थांबा. येत होतं ना आत्तापर्यंत?

डायना?

...मास्तर, तुम्ही उठा. चहा राहू दे. उठा म्हणतो ना.